कुणाला सांगू नको हं

"कुणाला सांगू नको हं" हे वाक्य आपण कधी म्हणतो, लक्षात आलंय का? सगळं सांगून झाल्यावर. आधी नावागावासकट गोष्ट सांगायची, मग आवाज एकदम खाली आणायचा आणि हे शेपूट जोडायचं. ऐकणारा गंभीरपणे मान डोलावतो, घरी जातो आणि बायकोला तीच गोष्ट त्याच शेपटासकट सांगतो. आमच्या खान्देशात तर घरातली बातमी ही एकट्याची नसतेच. पोराला नोकरी लागली की ती गल्लीला लागते. पगार किती हे शेजारच्या काकूंना पोराच्या आधी पाठ असतं. यात दुष्टपणा कुणाचाच नसतो, उलट माया असते. आणि माझं आजचं सगळं रडगाणं या मायेबद्दलच आहे.

जळगावला आमचा छोटासा ऑफसेट प्रेस आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे (त्यांनी ते बऱ्याचदा सहन केलंय). छपाईच्या धंद्यात गावाची गुपितं आपोआप हाताशी येतात. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोण नवं दुकान टाकतंय, कोण निवडणुकीला उभं राहतंय, हे आम्हाला गावाच्या आधी कळतं. शाळांच्या चाचणी परीक्षांचे पेपरही आम्ही छापायचो. तेव्हा वडिलांचे दोन नियम होते. वाया गेलेला कागदसुद्धा मोजायचा आणि फाडून टाकायचा. आणि प्रूफ गिऱ्हाइकाशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही. पहिला नियम का, हे लहानपणीच समजलं. दुसरा मात्र नीट समजायला मला माझ्या भाच्याची गोष्ट घडावी लागली.

भाचा धुळ्याचा, ताईचा थोरला. इंजिनिअरिंग झालं आणि २०१९ साली पुण्यात एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत लागला, टेस्टर म्हणून. पुण्यात हा धंदा बराच मोठा आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. फ्रान्सच्या युबीसॉफ्टचा तिथे स्टुडिओ आहे. 'राजी' नावाचा आपल्या पुराणकथांवरचा गेम पुण्यातल्याच एका छोट्या चमूने बनवला, तो २०२० साली आला. 'इंडस' नावाचा ऑनलाइन लढाईचा गेमही पुण्याच्याच सुपरगेमिंगचा, तो २०२४ च्या ऑक्टोबरात आला. (भाचा यांतल्या कुठल्याच ठिकाणी नव्हता. तो कुठे होता हे मी लिहिणार नाही, आणि कुठल्या गेमवर होता हे तर मुळीच नाही. का ते पुढे कळेलच.)

टेस्टरचं काम म्हणजे दिवसभर गेम खेळणं, असा गल्लीचा समज. "पोऱ्याले खेळाना पगार भेटस," असं लोक दाजींना म्हणायचे. खरं काम असं की, गेमची अर्धवट तयार झालेली प्रत येते, तिला ते 'बिल्ड' म्हणतात. त्यातल्या एका भिंतीच्या एका कोपऱ्यावर आपला माणूस दोनशे वेळा आदळायचा. एकशे सत्याण्णवाव्या वेळी तो भिंतीतून पार गेला, तर तो कसा गेला, कोणतं बटण दाबलं होतं, पुन्हा तसंच केलं तर पुन्हा जातो का, हे पायरी पायरीने लिहून काढायचं. मग दुरुस्त झालेलं बिल्ड येतं आणि दोनशे वेळा पुन्हा तेच. मुद्रितशोधनच म्हणा ना! मला तर त्याचं काम ऐकताक्षणी आपल्या धंद्यातलं वाटलं.

नोकरीला लागताना त्याने एका करारावर सही केली होती. गेमचं नाव सांगायचं नाही, पडद्याचा फोटो काढायचा नाही, कामाच्या खोलीत दुसरं कुणी नको. कंपनीच्या आतसुद्धा गेमला खरं नाव नसतं, काहीतरी टोपणनाव असतं. निंटेंडोचं 'स्विच' जाहीर होईपर्यंत जगाला 'एनएक्स' म्हणून माहीत होतं, तसलाच प्रकार. इथे बनवणारा एक, पैसे लावणारा दुसरा, विकणारा तिसरा, आणि सगळे वेगवेगळ्या देशांत. आपला गेम कधी आणि कसा लोकांसमोर आणायचा यावर त्यांची दोन-तीन वर्षांची कमाई अवलंबून असते. त्यामुळे गुपिताची ही साखळी थेट शेवटच्या माणसापर्यंत येते, आणि शेवटचा माणूस म्हणजे आमचा भाचा.

पुण्यात होता तोवर ठीक होतं. तिथे दारावर कार्ड लागायचं, मोबाइल बाहेर ठेवावा लागायचा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि काही दिवसांत ती साखळी धुळ्याला देवपुरात, ताईच्या घराच्या वरच्या खोलीत येऊन पोचली. खोलीला दार होतं, पण त्या दाराला कडी लावायची पद्धत घरात कधीच नव्हती. तरी त्याने सगळ्यांना बसवून समजावलं. मी कशावर काम करतो ते विचारू नका, वर येताना हाक मारा. ताईला ते पटलं. दाजींना पटलं की नाही कळायला मार्ग नव्हता, कारण ते "हाव हाव" म्हणाले. खान्देशात "हाव हाव" म्हणजे ऐकलं, एवढंच.

आता तो दिवस. मे २०२१, दुसरी लाट, धुळ्याचं ऊन. आठेक दिवसांनी नळाला पाणी आलं. ज्यांनी धुळ्यात किंवा जळगावात उन्हाळे काढलेत त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी आलं म्हटल्यावर माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो, पूजेतून उठतो. खालून ताईने हाक मारली तसा भाचा मोटर लावायला खाली धावला. पडदा चालूच राहिला. दाजी वर आले होते ते त्याला ताक द्यायला. खोलीत कुणी नाही, समोर पडद्यावर एक नगर, त्यात एक योद्धा उभा, मागे डोंगर. दाजींची एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, ग्रीस आणि डिझेलमध्ये. आपलं पोर हे असलं काही बनवतंय, हे त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. खिशात फोन होता, तोही पोराने पहिल्या दिवाळीला घेऊन दिलेला. त्यांनी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. मागून त्यांचाच आवाज: "देखा, मना पोऱ्या हाई काम करस." त्यात कुलरची घरघर, आणि शेवटी खालून ताईचं "जेवाले चाला".

व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. मी त्या ग्रुपवर आहे, पण तेव्हा एका नातेवाइकांच्या दवाखान्याच्या धावपळीत होतो, ग्रुप उघडलाच नाही. साठ-सत्तर माणसं. नमस्काराचे हात, फुलं, "अभिनंदन भाऊ" वगैरे सुरू झालं. बहुतेकांना तो कार्टून पिक्चर वाटला. फक्त एकाला कळलं काय आहे ते. नात्यातला अकरावीतला एक मुलगा, त्या गेमचा आधीचा भाग रात्रंदिवस खेळलेला. त्याने योद्ध्याचा वेष ओळखला. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची कशी? त्याने आपल्या दोनच मित्रांना पाठवला. खाली लिहिलं होतं, "कुणाला देऊ नको."

दोन दिवसांनी तो व्हिडिओ असल्याच गोष्टींवर चालणाऱ्या एका परदेशी चॅनलवर होता. खाली जगभरची मंडळी भांडत होती. गेम खरा की खोटा, यावर थोडं, आणि मागचा म्हातारा कोणती भाषा बोलतोय यावर बरंच. कुणी गुजराती म्हणालं, कुणी राजस्थानी. एकाच्या मते ती मुद्दाम तयार केलेली सांकेतिक भाषा होती! अहिराणी पहिल्यांदा एवढ्या दूर पोचली ती अशी. नंतर यावर आम्ही खूप हसलो. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं.

कारण कंपनीला शोध घ्यावाच लागला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत एक आकडा होता, तो भाच्याचा होता. अशा खुणा ठेवायची पद्धत जुनीच आहे. जून २०१६ मध्ये 'उडता पंजाब' हा चित्रपट प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटला, तेव्हा त्या प्रतीवर 'फॉर सेन्सॉर' अशी अक्षरं होती. प्रत कुठल्या कामासाठी निघाली होती, हे सगळ्या जगाला वाचता येत होतं. गेमवाले याच्याही पुढे आहेत. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये खेळणाऱ्याने पडद्याचं चित्र साठवलं, तर त्या चित्रात त्याच्या खात्याची आणि वेळेची माहिती डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यांत लपवलेली असायची. हे २०१२ साली उघड झालं, तोवर लोक वर्षानुवर्षं ती चित्रं आनंदाने वाटत होते. थोडक्यात, आपण पडदा दाखवतो तेव्हा सोबत आपली सहीही दाखवत असतो.

भाच्याला कंपनीने कॉलवर घेतलं. चित्रण कोणी केलं, असं विचारलं. आवाज तर सगळ्यांनी ऐकला होता. तो म्हणाला, "मशीन लॉक न करता मी उठलो, खोली माझी, जबाबदारी माझी." वडिलांचं नाव त्याने शेवटपर्यंत घेतलं नाही. कंपनीने कोर्टकचेरी केली नाही, पण जूनमध्ये करार संपला तो पुढे वाढवला नाही.

निर्बंध जरा सैल झाल्यावर मी धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ताभर विचार करत होतो, कुणाला काय बोलायचं? घरात बाप-लेक तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते. ताईने वरण-बट्टी केली होती आणि दोघं एकाच पंगतीत भिंतीकडे बघून जेवत होते. दाजी मला अंगणात घेऊन गेले आणि एकच वाक्य तीनदा म्हणाले, "मी काय चोरी करी का?" मी काय उत्तर देणार? चोरी नव्हतीच ती.

वर खोलीत भाचा म्हणाला, "मामा, नोकरी गेल्याचं एवढं नाही. दुसरी मिळेल. पण त्या चाळीस सेकंदांत मागची भिंत दिसते ना, राखाडी ठोकळा? ती जिने बनवायला घेतली होती, तिचं दोन महिन्यांचं काम बाकी होतं. लोक तिच्यावर हसले. 'गरिबांचा गेम' म्हणाले. तिने माझं काय वाईट केलं होतं?" मग थोडं थांबून म्हणाला, "आणि आप्पांनी विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं, आणि त्यांनी ऐकलंही असतं. त्यांना विचारावंसंच वाटलं नाही. माझं म्हणजे त्यांचंच ना."

हे शेवटचं वाक्य डोक्यात घेऊन मी जळगावला परतलो. तेव्हापासून असल्या बातम्या आल्या की जरा जास्तच लक्ष देऊन वाचतो.

आपल्या महाराष्ट्रातलं गाजलेलं प्रकरण म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या मोसमाचा चौथा भाग दाखवण्याच्या दोन-तीन दिवस आधीच इंटरनेटवर आला. त्यावर स्टार इंडियाची खूण होती, फक्त अंतर्गत पाहणीसाठी असंही लिहिलेलं होतं. शोध मुंबईच्या प्राइम फोकस टेक्नॉलॉजीज या कंपनीपर्यंत आला आणि त्या महिन्यात पोलिसांनी चौघांना अटक केली, आजी-माजी कर्मचारी. आता गंमत बघा. त्याच महिन्यात, त्याच मालिकेचा सहावा भाग एचबीओच्या स्पेनमधल्या सेवेवर ठरल्या वेळेच्या आधीच चुकून दिसू लागला. तासाभराने काढून घेतला, पण तेवढा वेळ जगाला पुरतो. तो दोष बाहेरच्या पुरवठादाराचा, असं कंपनीने सांगितलं. एक फोडलेला, एक सांडलेला. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. चव दोन्हींची तीच.

सांडलेल्याचं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण आमच्या धंद्यातलं आहे. जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या एका खटल्यात सोनीची कागदपत्रं अमेरिकेतल्या कोर्टात सादर झाली. गुप्त आकड्यांवर कुणीतरी काळा मार्कर फिरवला होता. मार्कर फिरवलेला कागद स्कॅन केला की खालची छपाई दिसते, हे आमच्या प्रेसमधला नवखा पोरगाही सांगेल! 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आला, हे जगाला त्या मार्करमुळे कळलं. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपन्या आणि त्यांच्या वकिलांच्या फौजा यांच्याही हातून सांडतं. फरक इतकाच, की तिथे एका माणसाचा आकडा कोपऱ्यात छापलेला नसतो.

अर्धवट कामावर हसण्याचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२२ आठवा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या सहाव्या भागाचे, काम चालू असतानाचे ९० व्हिडिओ एकाच दिवशी बाहेर आले. हा मात्र उघड दरोडा होता. एरियन कुर्ताज नावाच्या ब्रिटिश पोराने तो घातला, जामिनावर एका हॉटेलात ठेवलेलं असताना, तिथला टीव्ही, ॲमेझॉनची फायर स्टिक आणि एक मोबाइल एवढ्यावर! डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने त्याला बेमुदत रुग्णालयात ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. ५० लाख डॉलर आणि हजारो तासांचं नुकसान झालं, असं रॉकस्टार कंपनीने कोर्टाला सांगितलं.

पण मला भावलं ते वेगळंच. व्हिडिओ पाहून लोक म्हणू लागले, "शी, हे असलं दिसणार?" तेव्हा इतर कंपन्यांतल्या गेम बनवणाऱ्यांनी आपापल्या गाजलेल्या गेमची कच्ची रूपं स्वतःहून लोकांसमोर ठेवली. 'कंट्रोल' हा देखणा गेम सुरुवातीला कसा नुसत्या ठोकळ्यांचा होता, ते दाखवलं. बघा, सगळ्यांचंच असं असतं, घाबरू नका. परक्या कंपनीच्या माणसांसाठी केलेलं ते धीर देणं वाचून मला वडिलांचा दुसरा नियम कळला. प्रूफमध्ये नवरदेवाचं नाव चुकलेलं असतं. ते दुरुस्त व्हायचंच असतं, म्हणून तर प्रूफ. पण तेवढ्यात ते चार लोकांनी पाहिलं की पुढे पत्रिका कितीही सुरेख छापा, लोकांना आठवतं ते चुकलेलं नाव. काम पुरं होण्याआधी न दाखवणं हा करणाऱ्याचा हक्क आहे. करारातली कलमं मला वाटतं कंपनीच्या पैशासाठी असतात. हा हक्क मात्र ती भिंत बनवणारीचा असतो, आणि तो करारात कुठेच लिहिलेला नसतो.

कंपन्याही काही कमी नाहीत, हेही लिहायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये वाल्व कंपनीचा 'डेडलॉक' नावाचा ऑनलाइन गेम जाहीर झालेला नसतानाच हजारो लोक खेळत होते. खेळणाऱ्याने मित्राला बोलवायचं, त्याने त्याच्या मित्राला. आणि सुरू करताना पडद्यावर सूचना: याबद्दल कुणाला काही सांगू नका. म्हणजे आमच्या गल्लीचीच पद्धत की! 'द व्हर्ज'च्या एका पत्रकाराने खेळून त्यावर लेख लिहिला, कारण त्याने कुठेच सही केली नव्हती. त्याला गेममध्ये इतरांबरोबर खेळायला बंदी झाली. त्याच महिन्यात कंपनीने गेम अधिकृतपणे जाहीर केला. सगळ्यांना दाखवायचं आणि सगळ्यांनी गप्प बसायचं, ही अपेक्षा वाल्वसारख्या बड्या कंपनीलाही पेलली नाही, तर देवपुरातल्या घराला कशी पेलावी?

असो. पण म्हणून "त्यात काय एवढं" असं मी म्हणणार नाही, निदान धुळ्यात तरी नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी ती माणसं होती. असल्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. एका गेमचे चाळीस सेकंद आणि ते पाच जीव यांची तुलना मी करत नाही, करवतही नाही. एवढंच म्हणतो, की पुढे पाठवताना आपलं बोट थांबत नाही, ही सवय एकच आहे. आणि तिचं काय होऊ शकतं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

कधी कधी उलट बाजूही मनात येते. आपल्या माणसाचं काम घरच्यांनी बाहेर दाखवलंच नसतं तर? इथून जवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गाणी सुचायची, घरातल्यांनी ती उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पोराने आईचं दाखवलं म्हणून आपल्याला ते मिळालं. मग बापाने पोराचं दाखवलं तर काय बिघडलं? बराच काळ मी या प्रश्नाशी झगडलो. आता उत्तर साधं वाटतं. ती गाणी पुरी झालेली होती, आणि "थांब, अजून नको" म्हणायला आई राहिली नव्हती. इथे पोरगा खालीच होता, मोटर लावत. एक हाक मारायची होती.

आमच्या पिढीला हे शिकावं लागणार आहे, असं मला वाटतं. आपल्या आई-बापांची कामं उघड्यावरची होती. शेत, दुकान, एसटीचं वर्कशॉप, येणारा-जाणारा बघायचा. मुलांची कामं तशी राहिली नाहीत. कुणी बँकेचा डेटा सांभाळतं, कुणी औषधाच्या चाचण्यांचं काम बघतं, कुणी न आलेला गेम. दुसऱ्याचं गुपित सांभाळणं हाच त्यांच्या पगाराचा मोठा भाग आहे, आणि ते गुपित ती आपल्या घरात घेऊन बसतात. अशा वेळी आपलं कौतुक त्यांच्या दारापाशी क्षणभर थांबायला हवं. कमी नको व्हायला, थांबायला हवं.

आणि मुलांनाही एक सांगणं आहे. "विचारू नका" एवढ्यावर भागत नाही. दाजींना त्या दिवसापर्यंत आपला मुलगा काय करतो हे सांगताच येत नव्हतं. लोक "खेळतो" म्हणायचे आणि ते गप्प बसायचे. दोन वर्षं साठलेलं ते त्या चाळीस सेकंदांतून बाहेर आलं. गेमचं नाव न सांगताही कामाचं स्वरूप सांगता येतं. ती भिंत, ते दोनशे वेळा आदळणं, हे भाच्याने त्यांना पुढे सांगितलं. तेव्हा दाजी म्हणाले, "म्हणजे ब्रेक टेस्टिंगच की!" आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

तो गेम पुढे आला. दाजींनी शेजारच्या मुलाकडून त्याचा शेवट लावून घेतला, कारण शेवटी सिनेमासारखी नावं येतात, हे त्यांना कळलं होतं. वीस-पंचवीस मिनिटं ते नावं वाचत बसले. मधेच निघून गेलेल्यांची नावं त्या यादीत बऱ्याचदा नसतात. भाच्याचं नव्हतं. दाजी काही बोलले नाहीत, चष्मा पुसून खाली गेले, असं ताईने सांगितलं.

वर्षभरात भाच्याला दुसरीकडे काम मिळालं, पुण्यातच. तिथला त्याचा पहिला गेम आला तेव्हा त्याने धुळ्याला फोन केला. कंपनीने दिलेली चित्रं होती, सगळ्यांना दाखवायला मोकळी. ती वडिलांना पाठवून म्हणाला, "आप्पा, आता टाका ग्रुपवर. कुणालाही सांगा."

दाजींनी विचारलं, "नक्की ना?"

"नक्की."

तरी त्यांनी आधी मला फोन केला, शालकाचंही मत घ्यावं म्हणून. मी होकार दिला. मग त्या रात्री ग्रुपवर जे काही सुरू झालं, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं होतं.

(हा लेख टाकण्याआधी भाच्याला वाचून दाखवला. दाजींनाही. दोघंही "हाव हाव" म्हणाले. म्हणून खात्रीसाठी दोघांना दुसऱ्यांदा विचारलं.)